पुरुषभर खड्डा, पोतंभर मीठ

आमच्या पिढीच्या घरांत बैल गेला की त्या दिवशी चूल पेटत नसे. तसा कुणी नियम केलेला नव्हता. माणूस गेल्यावर शेजारून पिठलं-भाकरी येते, तशी त्या दिवशीही यायची आणि ती ढेलजेत बसून गुपचूप खाल्ली जायची. सेनगाव-कळमनुरीपासून वसमतपर्यंत, कयाधूच्या अलीकडच्या-पलीकडच्या कोणत्याही गावात साठ-सत्तरच्या दशकात वाढलेल्या माणसाला विचारा, तो थोड्याफार फरकानं हेच सांगेल. आम्ही चुलत-आत्ये भावंडं आता लग्नाकार्यात भेटतो तेव्हा बीपी-शुगरच्या गोळ्यांचा विषय संपला की बैलांची नावं निघतात. आजोबा नेमके कोणत्या साली गेले यावर वाद होतो. पवळ्या कधी गेला यावर होत नाही. बहात्तरच्या दुष्काळात, चारा संपला तेव्हा.

बैल मरत नसे, आधी ‘बसत’ असे. ‘ढवळ्या बसला’ असं शेतातल्या आखाड्यावरून सांगत गडी आला की घरातल्या बायांच्या हातातलं काम थांबायचं. दोन दिवस खटपट चालायची. घोंगडं टाकून, पोटाखालून दोर घालून चौघं त्याला उभा करू बघायचे, गूळ-ओवा पाजायचे, पायांना चटके देणारा वैदू यायचा आणि हिंगोलीहून डॉक्टर आलाच तर त्याच्या फटफटीभोवती आम्ही पोरं जमायचो. पोटफुगी असो, फऱ्या असो, पान लागलेलं असो, शेवटी एक क्षण असा यायचा की आबा उठून बाजूला जायचे आणि मोठी माय देवघरातून तांब्याचा गडू घेऊन यायची. गडूत गोदावरीचं पाणी. नांदेडला कुणी गेलं की बाटली भरून आणलेलं, माणसांच्या शेवटच्या घोटासाठी राखलेलं. ते बैलाच्या तोंडात घालताना कुणीही ‘हे माणसांचं आहे’ म्हटल्याचं मला आठवत नाही. पैठण आमच्यापासून फार लांब नाही. रामेश्वराला नेण्याची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी करणाऱ्या एकनाथांची गोष्ट आम्ही कीर्तनात ऐकली होती, पण मोठ्या मायला ती आठवावी लागली असेल असं वाटत नाही.

मग खड्डा. आखाड्याच्या कडेला, विहिरीपासून लांब, बांधालगत. खोली मीटरात नाही, पुरुषात मोजायची. पुरुषभर खोल, म्हणजे खणणारा आत उभा राहिला की बाहेरून त्याचं फक्त डोकं दिसावं. काळ्या मातीत उन्हाळ्यात तेवढं खणणं म्हणजे अर्धा दिवस, आणि पावसाळ्यात कडा ढासळायच्या. तोवर बैलाची वेसण कापून काढलेली असायची. आयुष्यभर नाकात राहिलेली ती दोरी काढल्यावर त्याचं तोंड वेगळंच दिसायचं. मोकळं. घुंगरमाळ आणि कवड्यांची माळ घरी परत जायची, झूल मात्र त्याच्या अंगावरच राहायची. हळद-कुंकू लावायचं, मांजरपाटाचा तुकडा पांघरायचा आणि मग खडे मिठाचं पोतं आत रिकामं व्हायचं. मीठ घातलं की लवकर गळतं आणि कोल्ही-कुत्री उकरत नाहीत, असं मोठी माणसं सांगत. लोणचं टिकावं म्हणून मीठ घालणारी आजीच हे सांगायची, तेव्हा आम्हा पोरांचा गोंधळ उडे. पण त्या वेळी विचारायची सोय नसायची. मूठ-मूठ माती टाकायची आणि मागं न बघता घरी यायचं. पुढच्या पावसात त्या जागी आंब्याची कोय नाहीतर कडुलिंब.

त्या वर्षीचा पोळा अवघड जायचा. आदल्या संध्याकाळी खांदमळणी. तूप-हळदीनं खांदे चोळून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणायचं, आणि दावणीला एकच बैल. पाराजवळ मंगलाष्टकं लागताना त्याच्या शेजारी दुसऱ्याचा बैल उभा करावा लागे. अजूनही बैलाचं लग्न लावतात हे पुण्या-मुंबईतल्या आमच्या पोरांना सांगितलं की ती हसतात. हसू द्या.

इथवरचं चित्र आम्ही भावंडं नेहमी सांगतो. पण ते अर्धंच आहे आणि उरलेलं अर्धं सांगायला आम्हाला आता कुठं धीर यायला लागलाय.

बैल पुरायची ही रीत पूर्वापार नाही. आबांच्या लहानपणी मेलेलं जनावर पुरत नव्हते, ओढून नेत होते. ओढणारे कोण, हे गावाने ठरवून टाकलेलं होतं. गावाबाहेर ठरलेल्या जागी कातडं निघायचं, मांस आणि हाडं मागं राहायची. त्या कामाच्या बदल्यात महारवाड्याला मिळालेल्या जमिनींची नावंच हाडकी आणि हाडोळा. अजूनही कितीतरी गावांत त्या नावांची शेतं आहेत आणि तिथं आता सोयाबीन निघतं. घरचा बैल म्हणजे घरचं माणूस, हे खरं होतं. पण त्या माणसाच्या मढ्याला हात लावायचा नाही, हेही तितकंच खरं होतं. डोळ्यांतलं पाणी आमचं, ओढण्याची दोरी दुसऱ्याच्या हातात.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं सोडा, मेलेल्याचं मांस खाणं सोडा. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं, बातमी उशिरा पोचली. पण पोचली. १९५६ च्या धर्मांतरानंतर तर मराठवाड्यातल्या कितीतरी वस्त्यांनी हे काम कायमचं टाकलं. त्यावरून गावागावांत अबोले झाले, मजुरी बंद झाली, बहिष्कार पडले. आमच्या घरी पहिला खड्डा खणला गेला तो त्या नकारानंतर. कोण ओढणार, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा आबांनी कुदळ घेतली. ज्या मायेच्या गोष्टी आम्ही आज कौतुकाने सांगतो, त्यातली निदान अर्धी माया आम्हाला दुसऱ्यांच्या स्वाभिमानाने शिकवली. आबांनी हे कधी कबूल केलं नाही. आत्याने केलं, अगदी म्हातारपणी, शेंगा फोडता फोडता: ‘‘त्यांनी नाही म्हटलं म्हणून आपल्याला बैलाला हात लावायला मिळाला बघ.’’

खड्डा न मिळालेली जनावरंही होतीच. ती ओढ्याच्या पलीकडं, गायरानात टाकली जायची आणि त्यांच्यावर गिधाडं उतरायची. आम्ही लांबून बघायचो. आभाळात एक ठिपका, मग दहा, मग झाडच्या झाड काळं. दुपारपर्यंत हाडं उघडी पडायची. काही दिवसांनी हाडं वेचणारे येऊन तीही नेत, खताच्या कारखान्यात जातात म्हणत. वास यायचा, पण फार दिवस नाही. नव्वदच्या दशकात ही गिधाडं दिसेनाशी झाली. आम्हाला वाटलं कुठंतरी गेली असतील, येतील. पुढे २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी कारण उलगडलं. आजारी जनावराला दुखणं कमी व्हावं म्हणून टोचतात ते डायक्लोफिनॅक. ते अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतात जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव संपली होती. बसलेल्या बैलाला डॉक्टर सुई टोचायचा तेव्हा आम्ही पोरं हात जोडून उभी असायचो. पुढं तशाच सुईतून काय काय जाऊ लागलं ते असं वीस-तीस वर्षांनी कळलं.

आणि बाजार. त्याबद्दल सगळेच गप्प बसतात. म्हातारा झालेला प्रत्येक बैल खड्ड्यापर्यंत पोचत नव्हता. ‘बाजार दाखवला’ एवढंच म्हणायचे. पहाटे, पोरं उठायच्या आत. पैशाची गरज असायची, मुलीचं लग्न असायचं, नवा गोऱ्हा घ्यायचा असायचा. लाल कंधारी खोंड तेव्हाही स्वस्त नव्हता. आम्ही उठून दावण बघायचो आणि काही विचारायचो नाही. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, पण त्याच्या आधीच ट्रॅक्टरने दावणी रिकाम्या केल्या होत्या.

कुत्र्या-मांजरांची गोष्ट यातून वेगळी निघते. त्यांना ना पोळा, ना मीठ. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं अशी भीती घालत, पण ते आपोआप मेलं तर उकिरड्याच्या मागं. कुत्रं ओढ्यात. खरं म्हणजे आमचा मुलूख कुत्र्याच्या बाबतीत इतका कोरडा असायला नको होता. नर्सी हिंगोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ‘कोरडी खाऊ नको, तूप लावून घे’ म्हणत धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आमच्या पहिलीच्या मास्तरांनी सांगितलेली. तरी घरचा मोत्या मेला तेव्हा मोठ्यांनी त्याचा पाय धरून त्याला ओढ्याकडं नेलं. आम्ही पोरांनी मागून जाऊन, खुरपी आणि फुटक्या घमेल्यानं, वाळूत खड्डा केला. घरातून मीठ चोरलं. एकाने अगरबत्ती आणली. पुढच्या पुराने तिथं काही ठेवलं नाही, पण त्या काळात प्रत्येक घरच्या पोरांनी कधी ना कधी असं एक चोरटं कार्य केलेलं आहे, हे मला आता भावंडांच्या गप्पांतून कळतं. राजेरजवाड्यांचं निराळं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं म्हणतात. जुन्नर तालुक्यात आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे, तिथं जत्रा भरते. सामान्यांच्या जनावरांना मात्र समाधी मिळाली ती मातीखालची.

मग आम्ही पांगलो. १९९९ च्या महाराष्ट्र दिनी हिंगोली परभणीतून निघून वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, काहीजण तिथं नोकरीला लागले. बाकीचे नांदेड, संभाजीनगर, पुणे, मुंबई. माळवदाची घरं गेली आणि तिसऱ्या मजल्यावरचे फ्लॅट आले. कुत्री मात्र आमच्या पोरांच्या घरात अंगणातून थेट सोफ्यावर आली, त्यांची नावं इंग्रजी झाली, त्यांचे वाढदिवस व्हायला लागले. आम्ही नाकं मुरडली. पण खरी पंचाईत त्यांच्या मरणाने केली. मुंबईच्या भाच्याचं कुत्रं रात्री गेलं आणि त्याने पहाटे आखाड्यावर फोन केला, ‘‘मामा, आता याला कुठं नेऊ?’’ आमच्या पिढीला हा प्रश्नच कधी पडला नव्हता. कुठं म्हणजे काय, जमीन काय थोडी आहे? त्याच्याकडे नव्हती. सोसायटीच्या बागेत खणू देत नाहीत आणि समुद्रात टाकवत नाही. मुंबई महापालिकेने सप्टेंबर २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी पाइपच्या गॅसवर चालणारी दहनाची सोय केली, तीही मोफत. अशी सोय सगळीकडे नसते. मालाडच्या बाहेरचा आपला महाराष्ट्र फार मोठा आहे.

पाण्याची गोष्ट आमच्या घरात शिरली ती अमेरिकेतून. थोरल्या काकांच्या नातीचा लॅब्रेडोर तिकडं म्हातारपणाने गेला आणि तिने घरच्या सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावून सांगितलं की त्याला जाळणार नाही, पुरणारही नाही, पाण्याने निरोप देणार. अ‍ॅक्वामेशन म्हणाली. आधी सगळ्यांना जलसमाधीच वाटली. ते तसं नव्हतं.

स्टीलचं एक बंद भांडं असतं. त्यात देह ठेवतात आणि पाणी सोडतात, त्यात साधारण पाच टक्के क्षार: पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपल्याकडे साबणवाले वापरतात तो कॉस्टिक सोडाच. पाणी गरम करून हलतं ठेवतात. उकळीच्या जरा खाली, पंचाण्णव अंशांच्या आसपास ठेवलं तर अठरा-वीस तास लागतात. दाबाखाली दीडशे अंशांपर्यंत नेलं तर चार-सहा तासांत काम होतं. कातडी, मांस, चरबी सगळं विरघळतं. हे ऐकून कुणाच्या पोटात कालवलं असेल तर त्याने आमच्या काकूचं ऐकावं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘तूर शिजत नसली की आपण चिमूटभर खार टाकतो, तसंच की.’’ शेवटी उरतात ती पांढरी, ठिसूळ हाडं. ती वाळवून दळतात आणि भुकटी घरच्यांना देतात. आगीत दिलेल्या देहाच्या राखेपेक्षा ही भुकटी पाचव्या हिश्श्याने जास्त भरते, असं हे काम करणारे सांगतात, कारण धुराबरोबर काही उडून जात नाही. आणि इंधन फार कमी लागतं.

मला मजा वाटली ती या कल्पनेच्या वयाची. ती आजची नाही. आमोस हर्बर्ट हॉब्सन नावाच्या माणसाने १८८८ मध्ये अमेरिकेत याचं पेटंट घेतलं होतं, ते जनावरांची हाडं-अवशेष क्षारात शिजवून खत करण्यासाठी. म्हणजे आमच्याकडचे हाडं वेचणारे ज्या धंद्यासाठी पोतं भरत होते, त्याच धंद्याची ही भावकी. मग शंभर वर्षं कुणी फार विचारलं नाही. १९९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी मेडिकल कॉलेजपुढं प्रश्न आला, की किरणोत्सारी द्रव्यं टोचलेल्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या देहांचं करायचं काय. जाळणं अवघड, पुरणं धोक्याचं. तिथं गॉर्डन काये आणि पीटर वेबर यांनी या जुन्या कल्पनेचं नवं यंत्र केलं. तिथून ती प्राण्यांच्या दवाखान्यांत गेली आणि माणसांपर्यंत पोचली. माणसांसाठी ती कायदेशीर करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य मिनेसोटा, २००३ मध्ये. आपल्याकडं या पद्धतीचं नाव पोचलं ते बहुधा दक्षिण आफ्रिकेच्या डेस्मंड टुटूंमुळे. २६ डिसेंबर २०२१ ला ते गेले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचं हेच झालं. वर्णभेदाशी जन्मभर लढलेल्या त्या आर्चबिशपने शवपेटीही सर्वांत स्वस्त सांगितली होती.

तर त्या व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगून झालं. सगळे गप्प. नव्वदीला टेकलेली मोठी माय मागं पलंगावर होती, तिला ऐकू कमी येतं म्हणून कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. ती म्हणाली, ‘‘अन् ते पाणी कुठं जायलंय?’’

नातीने सांगितलं, की त्यात जंतू उरत नाहीत, फक्त अमिनो आम्लं, साखर आणि साबणासारखं काहीतरी असतं. त्याचा क्षारपणा कमी करतात आणि ते सांडपाण्याच्या नळीतून शुद्धीकरण केंद्राकडे जातं.

‘‘म्हंजे मोरीत?’’

आता पंचाईत झाली. ‘मोरीत’ म्हटल्यावर कुणालाच पुढे बोलता येईना. मला मात्र वाटलं, की म्हातारीनं नेमका तो प्रश्न विचारला जो प्रत्येक पद्धतीला विचारायला हवा आणि आपण तो एकीलाच विचारतो. चितेवरून देहाचा बहुतेक भाग धूर होऊन आभाळात जातो, तो कुठं जातो असं आपण विचारत नाही. तो वर जातो म्हणून पवित्र वाटतो. पुरलेल्या बैलाचा रस जमिनीत मुरतो, म्हणूनच तर आबा विहिरीपासून लांब जागा शोधायचे. गायरानातल्या बैलाचं आभाळातल्या गिधाडात काय झालं ते वर सांगितलंच. देह कुठंतरी जातोच. खाली, नळीतून गेला की अपमान वाटतो, हा आपला हजारो वर्षांचा संस्कार आहे आणि तो मी खोडून काढणार नाही. पण एक गोष्ट पाण्याच्या बाजूने नोंदवतो. जनावराला वेदना संपवण्याची सुई दिलेली असेल तर त्यात सहसा पेंटोबार्बिटल नावाचं गुंगीचं औषध असतं. पुरलेल्या देहात ते दीर्घकाळ टिकून राहतं आणि उकरून खाणाऱ्या पक्ष्या-प्राण्यांना मारू शकतं. क्षाराच्या गरम पाण्यात ते मोडतं. डायक्लोफिनॅकची गोष्ट ज्यांच्या डोळ्यांदेखत घडली, त्या मुलखाने ही नोंद हलक्यात घेऊ नये.

हाताचा प्रश्नही आहेच. ते यंत्र कोण चालवणार? उरलेली हाडं कोण काढणार, भांडं कोण धुणार? नव्या पद्धतीत पुन्हा तीच जुनी माणसं कंत्राटी पगारावर उभी राहणार असतील, तर स्टील कितीही चकचकीत असो, दोरी पुन्हा त्यांच्याच हातात गेली. हे काम पगाराचं, प्रशिक्षणाचं, हातमोज्यांचं असावं आणि ते कोणत्याही घरातल्या पोराला करायची लाज वाटू नये. मला पाण्यापेक्षा याची जास्त काळजी आहे.

पाण्याची काळजी मात्र भावाला होती. तो अजून आखाड्यावर राहतो, त्याच्या विहिरीने एप्रिलमध्ये तळ दाखवलेला. ‘‘इथं पोळ्यात बैल धुवायला टँकर बोलवावा अन् तिकडं मेलेल्याला शेकड्यानं लिटर?’’ त्याचं चुकत नव्हतं. माणसाच्या देहाला यंत्रानुसार काहीशे लिटर पाणी लागतं, कुत्र्याला त्या मानाने बरंच कमी. पण २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं आहे. पुण्यातला चुलतभाऊ म्हणाला, की एका सोसायटीत एका दिवशी गाड्या धुवायला याहून जास्त पाणी जातं. तेही खरं. यावर वाद झाला आणि तो चहा आल्यावर थांबला, मिटला नाही.

त्यातून २०२२ आठवलं. लम्पीचं वर्ष. खानदेशातून ऑगस्टमध्ये सुरुवात झाली, बघता बघता राज्यभर पसरलं आणि गुरांचे बाजार बंद पडले. भावाच्या कालवडीच्या अंगावर गाठी उठल्या, तिने चारा सोडला आणि ती गेली. त्या दिवशी हात लावू नका, गर्दी करू नका, खोल खणा, चुना टाका, अशा सूचना होत्या. मोठी माय गडू घेऊन निघाली होती, तिला दारातूनच परत फिरवलं. सरकारने भरपाई दिली. दुभत्या गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस, वासराला सोळा. खड्डा जेसीबीने झाला, पंधरा मिनिटांत, आणि तो पुरुषभराहून खोल होता. रोगी जनावरांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी असं एखादं पाण्याचं भांडं असावं, असं मला त्यावरून वाटतं. मुळात ते प्रयोगशाळांसाठीच तर घडवलं होतं. रोगाचे जंतू त्यात उरत नाहीत, वेड्या गाईच्या रोगाचा चिवट कणसुद्धा योग्य दाब-तापमानाला त्यात मोडतो. मात्र बैल मावेल एवढं भांडं आणि ते तापवायची वीज, ही चैन आपल्याकडे लगेच येणार नाही. घरच्या म्हाताऱ्या गाईसाठी, बांध शिल्लक असेतोवर, मी खड्डाच सांगेन. फ्लॅटमधल्या भाच्याने पुन्हा फोन केला आणि त्याच्या शहरात तोवर ही सोय झालेली असली, तर मी त्याला आगीऐवजी पाणी सांगेन. आणि न्यायच्या आधी दोन गोष्टी विचारून घे म्हणेन: आपल्याच कुत्र्याची भुकटी वेगळी मिळणार ना, आणि ते सांडपाणी कुठं सोडता.

नातीच्या कुत्र्याची भुकटी आली ती लहानशा लाकडी डबीत. ती दिवाळीला येताना घेऊन येणार, असं ठरत होतं. मोठी माय म्हणाली, आणा, पवळ्याशेजारी ठेवू. भावाच्या डोक्यात वेगळंच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तो खतांचा फार विचार करतो. भुकटी म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, असं त्याने कुठंतरी वाचलं होतं. हळदीच्या सरीत टाकली तर चांगलंच, असं त्याने अर्धं गमतीत, अर्धं मनापासून सुचवलं. पडद्यावर नातीचा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याला मराठी समजतं, बोलता फारसं येत नाही. त्याने डबी छातीशी धरली आणि ‘नो’ म्हटलं. मग आईने समजावल्यावर नीट वाक्य केलं: ‘‘तो इथे राहणार. माझ्या खोलीत.’’

मोठ्या मायला ते दोनदा ओरडून सांगावं लागलं. ती म्हणाली, ‘‘राहू दे मग. पण झाकण घट्ट लाव म्हणावं त्याला. पावसाळ्यात ओल धरंल.’’